पहिल्या नकाराची भजी

शास्त्रज्ञाला चिक्की द्यायची नसते, हे मला वयाची पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

आमचं लोणावळ्यात चिक्कीचं छोटं दुकान आहे. हमरस्त्यावर नाही, जरा आत आहे. त्यामुळे आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक एक तर ओळखीचं असतं, नाही तर वाट चुकलेलं. आमच्या घराण्यात कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जात नाहीत. बारसं असो, दवाखान्यात कुणाला बघायला जायचं असो, मुलीच्या शाळेतली पालकसभा असो, चिक्कीचा बॉक्स पिशवीत असतोच. एकदा मी दातांच्या डॉक्टरांनाही शेंगदाण्याची कडक चिक्की नेऊन दिली होती. ती घेताना त्यांच्या कपाळाला आठी का पडली, हे मला घरी आल्यावर वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, समजावून सांगितलं.

तर आमची मुक्ता तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. याला इंटर्नशिप म्हणतात, एवढं मला माहीत होतं. ती मिळते कशी, हे माहीत नव्हतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कातळावर उगवणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करणारे एक शास्त्रज्ञ होते. त्यांना एक मेल लिहायचा म्हणून मुक्ता कित्येक दिवस त्यांचे लेख वाचत बसली होती. एका मेलसाठी एवढं वाचन कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. म्हटलं, बाप कशाला आहे? एका मंगळवारी दुकान वैशालीवर टाकून, गुळाच्या चिक्कीचा एक आणि काजूच्या चिक्कीचा एक असे दोन बॉक्स घेऊन मी पुणं गाठलं.

शास्त्रज्ञ तरुण होते. मी बॉक्स टेबलावर ठेवले, मुलगी किती हुशार आहे ते सांगितलं, दहावीचे मार्कही सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मुलगी कुठंय?"

"घरी," मी म्हटलं.

"मग काम कोणाला करायचंय? तुम्हाला?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही बॉक्स उचलून माझ्या हातात परत दिले आणि दारापर्यंत सोडायला आले. परतीच्या प्रवासात काजूचा अर्धा बॉक्स मी एकट्यानं संपवला. लाज वाटली की मला भूक लागते.

घरी सांगितल्यावर मुक्ता उठली. चप्पल घालून ती बाहेर पडली. वैशाली म्हणाली, "ओव्हाळ मॅडमकडे गेली असेल. तुम्ही जाऊ नका." मी अर्थातच गेलो.

ओव्हाळ मॅडम मुक्ताच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या कार्ल्याच्या, पण नोकरी लागल्यापासून आमच्या मागच्या गल्लीत आईला घेऊन राहायच्या. अंगानं लहानशा, सुती साडी, पायात खेळाचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. ते भिंग आंघोळ सोडली तर कधी निघत नसे. कुठं काही हिरवं दिसलं की बोलता बोलता त्या वाकायच्या, भिंग डोळ्याला लावायच्या आणि आपण त्यांच्या पाठीशी बोलत उभे राहायचो. लग्न केलं नव्हतं. त्यांची आई सोनाबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "लोकाच्या पोरी गळ्यात डोरलं घालत्यात. आमच्या पोरीनं भिंग घातलं."

"त्यातनं जास्त दिसतं, आय," मॅडम आतून म्हणायच्या.

मी पोचलो तेव्हा मुक्ता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मान खाली घालून बसली होती. मॅडम कोथिंबीर निवडत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "गुळाची होती का साखरेची?"

"एक गुळाची, एक काजूची."

"बरं, मग?" मॅडम म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद होतं. विद्यार्थ्यानं काहीही सांगितलं, आनंदाचं असो की रडण्याचं, त्या "बरं, मग?" म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. समोरच्याला पुढचं वाक्य स्वतःच शोधावं लागायचं.

"मग काय," मुक्ता म्हणाली, "आता मी त्यांना कोणत्या तोंडानं लिहू? जागा गेली माझी."

"जागा मिळालीच कुठं होती जायला? उलट आता लिहिणं सोपं झालं. त्यांच्याकडे रोज ढीगभर मेल येत असतील. चिक्कीवाल्याची मुलगी एकच. पहिल्या ओळीत चिक्कीचं लिही, दुसऱ्या ओळीत प्रश्न."

हा प्रश्न म्हणजे मॅडमच्या सगळ्या पद्धतीचं मूळ होतं. मावळातल्या पोरांच्या ओळखीपाळखी नसतात. कुणाचा काका प्राध्यापक नाही, कुणाची मावशी अमेरिकेत नाही. त्यामुळे ओळख काढायची नाही, जागाही मागायची नाही. ज्याच्याकडे काम करायचंय त्याचं काम वाचायचं, त्यातलं आपल्याला न कळलेलं एक काहीतरी शोधायचं आणि ते विचारायचं. जागेचं शेवटी, एका ओळीत. मेल लिहायचा तो याच टेबलाशी बसून. मॅडम मागे उभ्या राहून वाचायच्या आणि कोथिंबिरीच्या काडीनं स्क्रीनवर एकेक वाक्य दाखवून खोडायला लावायच्या.

"'मला लहानपणापासून विज्ञानाचं वेड आहे.' लहानपणी सगळेच वेडे असतात. काढ. 'मी पडेल ते काम करीन.' पडेल ते करणाऱ्याला काय द्यावं ते कुणाला सुचत नाही. तुला काय येतं ते लिही. पानं दाबून वाळवता येतात ना? तेवढंच लिही."

एका पोरानं एकच मेल सगळ्या देशातल्या शास्त्रज्ञांना पाठवला होता आणि एकाच्या मेलात दुसऱ्याचं नाव तसंच राहिलं होतं. मॅडमनी त्याला विचारलं, "तुमच्यात लग्नपत्रिका वाटताना पाकिटावरचं नाव बघत नाहीत का रे?" तो पोरगा पुढं आठवडाभर एकच मेल लिहीत बसला होता, असं मुक्ता सांगायची.

आणि भजी. भज्यांचं आधी सांगायला हवं होतं. मॅडमच्या विद्यार्थ्याला पहिला नकार आला की त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी कांदाभजी व्हायची. होकाराला काही नाही, होकाराला नुसतं "छान". भजी फक्त नकाराची आणि फक्त पहिल्याच नकाराची. सोनाबाई ओट्यावर बसून कांदा चिरायची आणि डोळे पुसत म्हणायची, "कुणाचं वाईट झालंया आज?" पोरं या भज्यांना इतकी सरावली होती की गल्लीत एखादा पोरगा सायकलवरून ओरडत यायचा, "मॅडम, आला नकार!" शेजारच्यांना वाटायचं, पास झाला.

मी एकदा विचारलं, "भजीच का? पेढे का नाहीत?"

"पेढे विकत मिळतात," मॅडम म्हणाल्या. "भजी तळायला कुणीतरी घरात लागतं."

तिकोणा पेठेच्या दत्ताची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. दत्ता शेतकऱ्याचा मुलगा. त्याला एका प्रयोगशाळेत जागा मिळाली ती नेमकी भात लावणीच्या दिवसांत. त्याचे वडील चिखलाच्या पायांनी मॅडमकडे आले.

"मॅडम, पोरगं म्हनतंय पुन्याला फुकाट काम कराया जातो. आमच्या हितं काय काम न्हाई व्हय?"

"आहे ना, भाऊ. लावणी आहे."

"मंग? मानसं मिळत न्हाईत. ह्यो गेल्यावर कोन लावनार?"

"मी येते," मॅडम म्हणाल्या.

भाऊंना ती थट्टा वाटली. पण रविवारी मॅडम खरोखरच तिकोण्याला गेल्या, साडी खोचून खाचरात उतरल्या आणि दिवसभर वाकून रोपं लावली. लहानपणी कार्ल्यात हेच केलेलं, हात विसरले नव्हते. संध्याकाळी भाऊ म्हणाले, "मॅडम, आमच्या पोराला खुशाल घेऊन जावा. तुमी तेवढं हितंच ऱ्हावा." दत्ता पुण्याला गेला.

या गोष्टीचा एक भाग भाऊंना माहीत नाही. त्या दिवशी मी मॅडमना तिकोण्याहून माझ्या गाडीवरून आणून घरी सोडलं, तेव्हा सोनाबाई ओट्यावर तोंड फिरवून बसली होती. लेकीच्या पायाचा चिखल बघून ती म्हणाली, "जल्म गेला माजा दुसऱ्याच्या खाचरात. तुला शिकवली ती काय पुन्ना तितंच जायाला?"

मॅडम दगडावर पाय घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "आय, तुला बोलवायचे म्हणून तू जायचीस. मी आपणहून गेले. परत यायच्या वेळी त्यांनी मला घरात बसवून चहा दिला."

"कपात?" सोनाबाईनं विचारलं.

"त्यांच्याच कपात."

सोनाबाईनं तोंड इकडे वळवलं. मग म्हणाली, "ऊन पानी ठेवलंय. पाय शेकून घे."

मी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि मग चालू केली.

मुक्ताकडे वळतो. तिचा प्रश्न असा होता: आमच्या घरामागं कातळ आहे. त्याच्या फटींत नेच्यासारखी एक छोटी वनस्पती उगवते. उन्हाळा लागला की ती सुकून विडीच्या पानासारखी गुंडाळली जाते. मेली असंच वाटतं, पण पेलाभर पाणी ओता, संध्याकाळपर्यंत पुन्हा उलगडते. शास्त्रज्ञांच्या लेखात हे सगळं होतं. पण आमच्या पाण्याच्या टाकीमागच्या कातळावर तीच वनस्पती ऐन एप्रिलमध्ये हिरवीगार होती. का? मुक्ताचा अंदाज होता, टाकीची सावली. मॅडमनी भिंग लावून टाकीमागं बराच वेळ पाहिलं होतं आणि "बरं, मग?" एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी मेल लिहिला गेला. टेबलाशी मुक्ता, मागे काडी घेऊन मॅडम आणि कोपऱ्यात मला शोधत आलेली वैशाली, शेंगा सोलत. पहिली ओळ अशी: "आज चिक्की घेऊन आलेले गृहस्थ माझे वडील, त्यांनी मला विचारलं नव्हतं, पण पुढचा प्रश्न माझा आहे." मी म्हटलं, "'गृहस्थ' बरं आहे."

मेल गेल्यावर वैशाली सहज म्हणाली, "आमच्या दुकानात मुंग्या येतात ना, त्या शेंगदाण्याच्या चिक्कीला लागतात. तिळाच्या चिक्कीला शिवत नाहीत. गूळ तर दोन्हीत आहे."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "का?"

"कुणास ठाऊक."

"बरं, मग?"

वैशाली हसली आणि शेंगा सोलायला लागली. तिनं बीएस्सी दुसऱ्या वर्षात सोडली ती आमच्या लग्नासाठी. हे आमच्या घरात कुणी फारसं बोलत नाही, कारण बोलायला गेलं की मी समोर येतो.

उत्तर यायला वेळ लागला. मुक्ता जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची. मी दुकानात आलेल्या पुणेरी गिऱ्हाइकांना तुम्ही कोणत्या संस्थेत असता वगैरे विचारायला लागलो होतो, ते वैशालीनं बंद केलं. दोन आठवडे झाल्यावर मॅडमनी मुक्ताला एकदाच आठवण करून द्यायला सांगितलं. "एकदा आठवण करून देणं म्हणजे सभ्यपणा. दोनदा म्हणजे वसुली."

मग उत्तर आलं. या उन्हाळ्यात जागा नाही, आधीच भरल्या आहेत, क्षमस्व. पण खाली आणखी एक परिच्छेद होता: सावलीची कल्पना चांगली आहे, तपासून बघण्यासारखी आहे, तथापि त्याआधी एक करावं. टाकी गळते का ते पाहावं.

टाकी गळत होती. मागच्या बाजूनं, कातळालगत, बारीक. वैशाली कमरेवर हात ठेवून तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "दोन वर्षं मी काय सांगतेय?"

संध्याकाळी मॅडमकडे भजी झाली. मुक्ता आधी रडली, मग टाकीचं सांगताना हसायला लागली आणि हसता हसता तिनं ताटातली निम्मी भजी संपवली. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही भिंग लावून बघितलं होतंत. तुम्हाला दिसलं असेल."

"संशय आला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तिनं त्यांना विचारलंच नसतं."

मी परत माफीचं बोलायला लागलो. चिक्कीचा विषय निघाला की मी हल्ली आपोआप माफी मागायचो. मॅडमनी मला थांबवलं. कढईतली शेवटची भजी काढत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्या संस्थेत गेलात ना, तिथं मीही गेले होते. बीएस्सीला होते तेव्हा. पुण्याला गेले, मार्कशीट पिशवीत. एका सरांचं नाव ऐकलं होतं, त्यांच्या दारापर्यंत गेले. नावाची पाटी वाचली. आत बोलण्याचा आवाज येत होता. शिपायानं विचारलं, कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, कुणाला नाही, चुकून आले. आणि परत फिरले."

"का?"

"नाही म्हणाले असते तर?" त्यांनी गॅस बंद केला. "आमच्यासारख्यांनी विचारायचं नसतं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही, अंगात असतं. तुम्ही चुकीचं काहीतरी घेऊन गेलात हे खरं. पण दार तर वाजवलंत."

ओट्यावरून सोनाबाई ओरडली, "आगं, भजी गार होत्यात."

मुक्तानं दिवाळीनंतर पुन्हा त्याच शास्त्रज्ञांना लिहिलं, टाकी दुरुस्त केल्यावर ती हिरवी वनस्पती किती दिवसांत गुंडाळली गेली त्याच्या फोटोंसकट. हिवाळ्याच्या सुट्टीत तिला बोलावणं आलं. मॅडम म्हणाल्या, "छान." आता ती तिथंच पुढचं शिकते आहे. मी अजून तिच्या प्रयोगशाळेत गेलेलो नाही; मला मनाई आहे.

त्यानंतर मॅडम निवृत्त झाल्या. कॉलेजात हारतुरे झाले, भाषणं झाली, मॅडम भाषणांच्या वेळी टेबलावरच्या गुच्छातली पानं भिंगातून बघत होत्या. मग एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला त्या आमच्या घरी आल्या. कधी न येणाऱ्या. भिंग नेहमीसारखं गळ्यात, पण चेहरा असा की मला वाटलं, सोनाबाईला काही झालं.

"वैशाली, बेसन आहे का घरात?"

"आहे. का हो?"

"मला नकार आला."

त्यांनी पुण्यातल्या त्याच संस्थेला लिहिलं होतं. स्वतःसाठी. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात काम करीन, मला पानं ओळखता येतात, असं. आणि एक प्रश्न. उत्तर आलं होतं की ही जागा विद्यार्थ्यांसाठी आहे, वयाचा नियम आहे, क्षमस्व. त्या मोबाइल पुढं धरून आम्हाला दाखवत होत्या, एखाद्यानं नातवाचा फोटो दाखवावा तसा.

"एवढंच असतं?" मॅडम म्हणाल्या. "मला वाटायचं, केवढं तरी असेल. चार ओळी आहेत."

वैशालीनं कांदा चिरायला घेतला. मी सोनाबाईला आणायला गेलो. गाडीवर मागे बसून ती म्हणाली, "कुणाचं वाईट झालंया?" मी म्हटलं, "मॅडमचं." ती म्हणाली, "म्हातारपनी सुचलं व्हय तिला. बरं झालं."

मग मॅडमनी आणखी दोन-तीन ठिकाणी लिहिलं. कोल्हापूरकडच्या एका संस्थेनं हो म्हटलं. काम पोरांच्या बरोबरीनं. गळ्यात भिंगासोबत ओळखपत्र आणि त्यावर संशोधन साहाय्यक. सोनाबाई कार्ल्याला धाकट्या मुलाकडे गेली. "जा तू. मी काय कुटं पळून जात न्हाई," असं म्हणाली म्हणे.

त्यांना एसटीवर सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. एक बॅग, एक छत्री, पायात तेच बूट. मी आणलेला बॉक्स पुढं केला. वैशालीनं कपाळावर हात मारला. मॅडमनी बॉक्स घेतला, वास घेतला.

"गुळाची?"

"गुळाची."

"बसमध्येच खाईन. तिथं पोचायच्या आत संपवते," त्या म्हणाल्या आणि चढल्या. खिडकीत बसल्यावर त्यांनी लगेच बॉक्स उघडला. बस वळली तेव्हा त्या चिक्कीचा तुकडा डोळ्यासमोर धरून भिंगातून बघत होत्या. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आम्ही गाडीपाशी आलो. वैशाली मागे बसली. मी आरशातून बघितलं, तर ती रस्त्याकडे बघत होती. दुकान जवळ आल्यावर म्हणाली, "मुक्ताला फोन करा. मुंग्यांवर काम करणारं पुण्यात कुणी आहे का विचारा. आणि वाण्याकडे थांबवा जरा, बेसन संपत आलंय."